पीएमपी : अभ्यास होतो, गुण वाढत नाहीत

प्रश्न : मी सात वर्षं प्रकल्प सांभाळतोय. आता पीएमपी हे प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र मिळवायचंय. त्यासाठी लागणारा ३५ तासांचा अभ्यासक्रमही झाला. रोज रात्री दमूनभागून वाचायला बसतो, सगळं समजतं. पण सराव परीक्षेत गाडी साठ टक्क्यांवर अडते. महिनाभर रजा काढू का?

उत्तर : रजा मुळीच काढू नका. वाचन कमी पडत नाहीये, तुमचा अनुभव आडवा येतोय. शिकवताना मी हे नेहमी बघते. नवख्यांपेक्षा मुरलेले मॅनेजरच जास्त अडखळतात.

समजा, काम निम्म्यावर आलंय आणि ग्राहक जादाचं काही मागतो. मॅनेजर आधी काय करेल? ऑफिसात तुम्ही टीमला ‘करून टाका’ म्हणता, नाहीतर साहेबांना विचारता. हे दोन्ही पर्याय परीक्षेत तुमच्यासाठीच मांडलेले असतात! अपेक्षित उत्तर वेगळं : वेळ, खर्च, जोखीम यांवरचा परिणाम आधी तपासायचा, मग रीतसर चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा लेखी प्रस्ताव. पण त्याच प्रश्नात ‘स्प्रिंट’ (कामाचा ठरावीक छोटा टप्पा) आला, की प्रकल्प अ‍ॅजाइल, म्हणजे छोट्या टप्प्यांत बदल सामावत जाणारा असतो आणि उत्तर फिरतं. मागणी प्रॉडक्ट ओनरकडे, म्हणजे कामांचा अग्रक्रम ठरवणाऱ्याकडे जाते; बॅकलॉगमध्ये, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीत तिला कुठे बसवायचं ते तो ठरवतो. २०२१च्या परीक्षा-आराखड्यापासून साधारण निम्मे किंवा त्याहून जास्त प्रश्न अ‍ॅजाइल आणि हायब्रिडवर (जुन्या टप्प्याटप्प्याच्या आणि अ‍ॅजाइल पद्धतीच्या मिश्रणावर) असतात, त्यामुळे पर्यायांकडे वळण्याआधी प्रकल्प कुठल्या पद्धतीचा आहे ते ओळखा.

रात्रीचं वाचन बंद करा. दहाच प्रश्न सोडवा आणि नाकारलेला प्रत्येक पर्याय का नाकारला, ते एका ओळीत लिहा. बरोबर आलेल्यांचंही लिहा. त्यात तुक्के बरेच असतात. अर्न्ड व्हॅल्यूची (झालेलं काम वेळ आणि खर्चाशी ताडून बघण्याची) मोजकी सूत्रं येऊ द्यात, त्यापलीकडे पाठांतरात जीव घालवू नका.

सुटीच्या दिवशी मात्र पूर्ण पेपर एका बैठकीत. २०२१च्या आराखड्यात १८० प्रश्न, २३० मिनिटं आणि मध्ये दहा-दहा मिनिटांच्या दोन विश्रांती होत्या. विश्रांती घेतली की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही, म्हणून सरावातही जाऊ नका. आराखडा अधूनमधून बदलतो. तारीख घेण्याआधी पीएमआयच्या (परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या) संकेतस्थळावर चालू आराखडा बघून घ्या.

अर्ज मात्र आत्ताच लिहायला घ्या. चार वर्षांची पदवी असेल तर अलीकडच्या वर्षांतला ३६ महिन्यांचा अनुभव लागतो, आणि एकाच वेळी चाललेल्या दोन प्रकल्पांचे महिने एकदाच धरतात. अर्ज मंजूर झाला की परीक्षेसाठी वर्षभराची मुदत मिळते.