हातचं काम : पाणी मारुतीच्या कुठवर आलंय?

प्रश्न : काकू, नमस्कार. मी नाशिकच्या इंदिरानगरला राहते, वय 36. अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्सला होते. 2021मध्ये नोकरी सोडली आणि लाकडावर हाताने अक्षरं काढून नावाच्या पाट्या करायला लागले. तेव्हा एकेका वेलांटीत रात्र सरायची. आता सकाळी ब्रश दिसला तरी पोटात गोळा येतो. ऑर्डरी नाहीत असं नाही, महिन्याला बारा-पंधरा असतात. पण प्रत्येकाला मोबाइलमध्ये दाखवलेली तीच पाटी हवी असते, आणि ती झाली की ‘जरा ठळक करा’, ‘आडनाव थोडं मोठं करा’. एका हॉटेलला 26 खोल्यांच्या पाट्या करून दिल्या, पाच महिने झाले, निम्मे पैसे यायचेच आहेत. रात्री पुण्या-मुंबईच्या मुलींचे रील बघते आणि वाटतं, यांना एवढा हुरूप येतो कुठून? सासूबाई म्हणतात, झेपत नसेल तर सोड. सध्या पितृपक्षामुळे फोनही वाजत नाही. उमेद टिकवायची कशी? की बंद करू?

उत्तर : अगं, अकाउंट्सला होतीस आणि एवढ्या मोठ्या पत्रात एका पाटीमागे तुला काय सुटतं तो आकडा कुठेच नाही! हॉटेलच्या खोल्या बरोबर मोजल्यास, स्वतःचे तास मात्र मोजले नाहीस. म्हणून उमेदीचं नंतर बघू.

भांडी बाजाराच्या मागच्या बोळात मी 33 वर्षं स्क्रीन प्रिंटिंग, म्हणजे जाळीतून शाई ओढून छपाई, केलं. कामं बहुतेक लग्नपत्रिकांची. 2016च्या ऑगस्टात गोदावरी बाजारात शिरली, तेव्हा माझे खालच्या फळीवरचे सगळे रीम गेले. आर्टकार्ड भिजलं की एकमेकांना असं चिकटतं, की गठ्ठ्याची वीट होते. पण त्या आठवड्यात ‘मन लागत नाही’ असं एकदाही वाटलं नाही. चिखल होता, तो उपसायचा होता. शेजारच्या तांब्या-पितळेच्या दुकानातली पोरं आमच्याकडे खराटा घेऊन आली, आमची त्यांच्याकडे गेली.

मन उडालं होतं ते 2009च्या मे महिन्यात, ऐन लग्नसराईत. बाहेर गिऱ्हाईक उभं, आत कागद रचलेला, आणि मी स्टुलावर बसून स्क्वीजीकडे, म्हणजे शाई ओढायच्या रबरी पट्टीकडे, नुसती बघत होते. दोन दिवस. यजमानांना वाटलं पित्त झालं. माझ्या बहिणीनं दृष्ट काढली, तेही झालं. तिसऱ्या दिवशी काहीच सुचेना म्हणून वही उघडली आणि समोरच्याच कामाचा हिशेब मांडला. 500 पत्रिका, तीन रंग, म्हणजे एकेक कागद तीनदा स्क्रीनखाली जाणार. वर मुलीच्या मामांचं नाव राहिलं, मग आत्याचं राहिलं, मग मामांचं नाव आत्याच्या वर नको, असं चार वेळा प्रूफ. कागद, शाई आणि पोराची मजुरी वजा करून मला राहत होते 640 रुपये, आणि माझे तास भरले 32. तासाला वीस रुपये! आमच्या वाड्यात भांडी घासायला येणाऱ्या बाईंना त्याहून जास्त पडत होते. माझ्या हातांना हे माझ्याआधी कळलं होतं, म्हणून ते उठत नव्हते.

पूर आला की आपण नाशिककर गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते ऐकतो, पण खात्री करायला जातो गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी. पाणी गुडघ्याला, कमरेला की छातीला? क्युसेकमधलं कोणाला कळतं? मारुतीवरून मात्र सराफ बाजारातल्या माणसाला नेमकं समजतं की फळीवरचा माल आता वर चढवायचा. तुझ्या धंद्यात असा मारुती नाही. ‘पोटात गोळा येतो’ यावरून पाणी गुडघ्याला आहे की गळ्याशी आलंय, हे ना तुला कळतंय ना मला.

तेव्हा गेल्या दहा पाट्या घे. प्रत्येकीपुढे वेळ लिही : घासकाम, प्रायमर, अक्षरं, लॅकर, आणि त्यात फोनवरचं बोलणं, पॅकिंग, पोचवायला गेलेली स्कूटरची फेरीसुद्धा धर. माझा अंदाज, तुझं दुखणं तीन-चार पाट्यांतच निघेल. त्या सगळ्यात स्वस्त असतील आणि ‘जरा ठळक करा’ही त्यांच्यावरच जास्त झालं असेल. मी 2009नंतर बोर्ड लावला : एक प्रूफ, एक दुरुस्ती, पुढच्या प्रत्येक दुरुस्तीला 100 रुपये. दोन गिऱ्हाइकं तोंड वाकडं करून गेली. त्यातलं एक पुढच्या मुलीच्या लग्नाला परत आलं आणि मामांचं नाव घरूनच ठरवून आलं. तू पेन्सिलचं रेखाटन व्हॉट्सॲपवर पाठव, ‘चालेल’ असं लेखी येऊ दे, मगच रंगाला हात लाव. आणि निम्मे पैसे आधी. याला लाजायचं नाही. लाजून मी बरीच वर्षं घालवली.

आता हॉटेल. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, केली आहेस का? सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला एक रुपया देऊ नकोस. 2006च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, लेखी करार असला तरी, जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. 1 एप्रिल 2024पासून आणखी एक गोम आहे : वेळेत दिले नाहीत, तर घेणाऱ्याला तो खर्च पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत आयकरात वजा करता येत नाही. ही शेवटची गोष्ट मालकाला सांगू नकोस, त्यांच्या अकाउंटंटला सांग. तुम्ही एकाच जातकुळीतले, तो ऐकेल. नोंदणी नसेल तर पुढच्या कामांसाठी आजच कर, कारण माल दिल्यानंतर केलेल्या नोंदणीवर समोरचा वकील बोट ठेवतो. आधी नोंद, मग माल. तक्रार कशी करायची ते जिल्हा उद्योग केंद्रात विचार. पण त्याआधी एक साधं, तारखा घातलेलं पत्र पाठव. निम्म्या उधाऱ्या तेवढ्यानेच हलतात, असा माझा अनुभव.

पितृपक्षात फोन वाजत नाही म्हणतेस. अगं, पितृपक्षात दाराला नवी पाटी कोण लावेल? आषाढी ते कार्तिकी आमच्याकडेही सामसूम असायची, तुळशीचं लग्न लागलं की पुन्हा रांग. पहिली सात-आठ वर्षं दर पावसाळ्यात मला वाटायचं, धंदा बसला. मग मी त्या महिन्यांना कामं नेमून दिली. जुन्या स्क्रीन धुवायच्या, गोल झालेली स्क्वीजीची धार सँडपेपरवर घासून सरळ करायची, दमट हवेत शाई किती वेळानं वाळते ते लिहून ठेवायचं. तू फळ्या घासून, प्रायमर लावून ठेव. वास्तुशांत, दसरा, पाडवा यांच्या ऑर्डरी आल्या की निम्मं काम झालेलं असेल.

रील मात्र रात्री बघू नकोस. एवढंच.

अक्षरांतली गोडी गेली, हे मला पैशाहून जास्त लागलं. आमच्याकडे शाई लावून पाहायला रद्दीचे कागद असतात, तेच ते पुन्हा पुन्हा वापरायचे. एकेका कागदावर आठ-नऊ लग्नांची नावं एकमेकांवर पडायची. गणपतीच्या सोंडेतून कुणाचं तरी मंगल कार्यालय निघायचं, नवऱ्या मुलाच्या शिक्षणावर दुसऱ्याच घरची आजी. लाल-सोनेरी-हिरव्याची अशी काही गर्दी व्हायची की गिऱ्हाइकानं मागून मी ती करूच शकले नसते. शनिवारी संध्याकाळी उरलेली शाई मी मुद्दाम अशाच कागदांवर ओढायला लागले. विकायला नाही. चार अजून घरात टांगलेले आहेत. पाहुणे विचारतात हे काय, मी सांगते शनिवार. तुझ्याकडे लाकडाचे तुकडे उरत असतीलच. एकावर ‘ळ’ काढ. नुसता ‘ळ’. कोणी मागितलेला नाही, ठळक करा म्हणायला कोणी येणार नाही.

बंद करायचं का, हे मी सांगणार नाही, दहा पाट्यांचा हिशेब सांगेल. तासाला तुझ्या जुन्या पगाराच्या निम्मेही पडत नसतील आणि भाव वाढवून गिऱ्हाईक टिकत नसेल, तर सासूबाईंचं म्हणणं चूक नाही. थांबलीस तरी ते कायमचं असेलच असं नाही. आपल्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके भर चालत्या कंपनीतून वैतागून काशीला निघून गेले होते. तिथं नाटक लिहिलं आणि पुन्हा नाशिकला येऊन चित्रपट करायला लागले.

हॉटेलच्या अकाउंटंटनं काय उत्तर दिलं ते मला कळव.

प्रश्न : काकू, मी सिन्नरचा, मातीचे दागिने करतो. एका प्रदर्शनवाल्यांनी तीन दिवसांच्या स्टॉलचे 9,000 रुपये मागितलेत. म्हणतात, विक्री नाही झाली तरी ओळख होईल. भरू का?

उत्तर : एका कानातल्याच्या जोडीमागे तुला 60 रुपये सुटत असतील, तर नुसतं भाडं निघायला 150 जोड विकावे लागतील, म्हणजे दिवसाला 50. गेल्या वर्षी तिथे स्टॉल लावलेल्या दोघांना गाठ आणि किती विकलं ते विचार. ‘ओळख छान झाली’ असं म्हणाले, तर भरू नकोस.