सेकंड बॅटरी, अँप आणि नाकारलेला क्लेम: गाडीतलं काहीही काढू नका

खानापूर तालुक्यातल्या एका वाचकानं लिहिलंय, थोडक्यात सांगतो. केए-22 (बेळगाव) पासिंगची पेट्रोल हॅचबॅक, कोल्हापूरच्या एका दुकानातनं डिकीत सेकंड बॅटरी, मोठा अँप (म्हणजे आवाज वाढवणारा अँप्लिफायर), दोन सबवूफर (जड आवाजाचे मोठे स्पीकर) बसवले आणि लोड निघावा म्हणून ओरिजिनल काढून जास्त अँपिअरचा अल्टरनेटर (आपल्याकडं सगळे डायनामोच म्हणतात) घातला. 68 हजार गेले, त्यातलं 30 हजाराचं पक्कं बिल, बाकी चिठ्ठीवर. सात महिन्यांनी हत्तरगी टोलच्या अलीकडं बॉनेटमधनं धूर, मग आग, घरची माणसं वेळेत उतरली, गाडीचा पुढचा भाग गेला. विमा कंपनीचं पत्र आलं, विनापरवाना बदल आणि इलेक्ट्रिकल बिघाड, क्लेम नामंजूर. दुकानदार म्हणतो सामान गुपचूप काढून आणा, मी जुन्या तारखेचं वेगळं बिल करून देतो. काढू का, असं विचारलंय.

नाही. अजिबात नाही. माणसं वाचली हे पहिलं, त्याचं मला खरंच बरं वाटलं, पण आता तुमच्या हातात जो पुरावा आहे तो तीच जळलेली गाडी आहे, आणि जो माणूस ती साफ करायला सांगतोय त्याचीच फिटिंग त्यात आहे हे ध्यानात घ्या. खोटं बिल लावलं की पॉलिसीतल्या फसवणुकीच्या अटीखाली खरा क्लेमसुद्धा बुडतो, वर तुमच्यावरच फौजदारी यायची.

आता "विनापरवाना बदल" हा शब्द बघू, कारण लोक इथंच घाबरतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवरचा तपशील गाडी बनवणाऱ्या कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल करायचा नाही, आणि बदल म्हणजे काय तर गाडीच्या रचनेत असा फेरफार की तिचं मूळ स्वरूप बदलतं, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं यावर कडक निकाल दिला आणि त्याच वर्षी कलम 182 अ आलं, दर बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. पण आरसीवर अल्टरनेटरचे अँपिअर लिहिलेले नसतात की हो. इंजिन नंबर, सीसी, इंधन, रंग, सीट किती, हे असतं. तुम्ही मागची सीट काढून सबवूफरचा बॉक्स बसवला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं, तुम्ही डिकीतच ठेवलाय म्हणता, तर माझ्या मते विमा कंपनीचा हा मुद्दा कच्चा आहे.

दुसरा मुद्दा इलेक्ट्रिकल बिघाड. पॉलिसी काढून वाचा, इंग्रजीत आहे म्हणून बाजूला ठेवू नका. खाजगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत कशाकशामुळं झालेलं नुकसान भरून देणार त्या यादीत पहिलंच आग, स्फोट, आपोआप पेट घेणं असं येतं. पुढं अपवादांत इलेक्ट्रिकल बिघाड आहे, म्हणजे नुसता अल्टरनेटर जळाला तर तो देणार नाहीत, पण त्यातनं आग लागून गाडी गेली तर ती आग आहे आणि आग कव्हर आहे, असंच आपण भांडायचं. अपवाद लागू होतो हे सिद्ध करायचं ओझं कंपनीवर. आपल्याच कर्नाटकातली हासनची केस आहे, 1996 ची, ट्रकात परवानगीपेक्षा जास्त माणसं होती म्हणून क्लेम नाकारला आणि सुप्रीम कोर्ट म्हणालं की त्या माणसांमुळं अपघात झाला नाही तर त्यासाठी पैसे अडवू नका. आणि अगदी अट मोडली असं धरलं तरी 75 टक्क्यांपर्यंत नॉन-स्टँडर्ड सेटलमेंटचा, म्हणजे पूर्ण न देता काही भाग देऊन क्लेम मिटवायचा, रस्ता 2010 च्या निकालात मान्य झालाय. मात्र साउंडचं सामान तुम्ही पॉलिसीत दाखवलं नव्हतं, त्याचे पैसे मागू नका, मिळणार नाहीत. ॲक्सेसरीच्या किमतीवर साधारण 4 टक्के जादा प्रीमियम असतो, 68 हजाराला वर्षाचे पावणेतीन हजाराच्या आत, तेवढं भरलं असतं तर हेही मिळालं असतं.

पण इथं मला तुमच्याशी स्पष्ट बोलायला पाहिजे. जर आग खरंच त्या फिटिंगमुळं लागली असेल तर कंपनीचं बळ वाढतं, आणि मग खरा जबाबदार दुकानदार. एक हजार वॅटचा अँप पूर्ण वाजला तर 90 अँपिअरच्या आसपास ओढतो, लहान गाडीचा मूळ अल्टरनेटरच 70-90 चा, म्हणून मोठा घालणं चूक नाही, पण मग बॅटरीला जाणारी मूळ वायरही जाड करायला लागते. शिवाय पुढच्या बॅटरीपासनं डिकीतल्या बॅटरीपर्यंत जी केबल जाते तिच्या दोन्ही टोकांना करंट आहे, तर फ्यूज दोन्हीकडं पाहिजे, बॅटरीच्या अगदी जवळ. तुमच्या फोटोत डिकीकडं फ्यूज दिसतो, पुढं मला दिसला नाही. आणि केबल पूर्ण तांब्याची होती की वर तांबं आत अ‍ॅल्युमिनियम असली स्वस्तातली, हे तोडल्याशिवाय कळणार नाही, ते आपण नाही, लॅबनं बघायचं.

म्हणून माझा सल्ला, विमा लोकपालाकडं जाऊ नका. तिथं फी नाही, वकील लागत नाही, चांगली सोय आहे, पण लोकपाल फक्त विमा कंपनीला बोलावतो, दुकानदाराला नाही. आपण ग्राहक आयोगात जाऊ, कंपनी आणि दुकानदार दोघांना एकाच तक्रारीत घालून. पूर्वी कोल्हापूरच्या दुकानावर केस करायला कोल्हापूरला हेलपाटे पडले असते, आपल्या सीमाभागातल्या माणसाचं कामच असं, खरेदी एका राज्यात, राहणं दुसऱ्या. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, म्हणजे बेळगावलाच. दुकानाला आणि विम्याला तुम्ही भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत आहे तर फी शून्य. मुदत दोन वर्षं, ती फिटिंगच्या तारखेपासनं धरा म्हणजे वाद नको. नोटीस मिळाल्यावर त्यांना उत्तराला 30 दिवस, फार तर वर 15, पुढं सुप्रीम कोर्टानंच दार बंद केलंय.

आता या आठवड्यात करायचं. कंपनीकडं सर्व्हेअरच्या (नुकसान तपासायला आलेल्या माणसाच्या) रिपोर्टची कॉपी लेखी मागा, तो रिपोर्ट म्हणजे शेवटचा शब्द नसतो. अग्निशमन आणि पोलिसांचे कागद कन्नडात असतील, घाईत सही करू नका, मराठीत वाचून घ्या आणि इंग्रजी भाषांतर करून ठेवा. ती चिठ्ठी, दुकानदाराचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, ऑनलाइन दिलेल्या पैशांची नोंद, सगळं जपा, "जुन्या तारखेचं बिल देतो" हा मेसेज तर आधी जपा. दुकानदाराला उत्तर एकच द्या, गाडी आहे तशी राहणार.

उद्यमबागच्या गॅरेजमध्ये गाडी उभी आहे म्हणालात. मालकाकडनं लिहून घ्या की गाडी कुठल्या तारखेपासनं तिथं आहे आणि कुणी हात लावलेला नाही, चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, वर ताडपत्री टाका. पाऊस आत गेला की पुढच्या बॅटरीकडची वायर गंजेल आणि आपल्याला दाखवायची तीच आहे.