झोळीत आधी नुसती पडून राहा

प्रिय पोरी,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. एकदा मेथी निवडताना आणि एकदा ओट्यावरचं आवरून झाल्यावर, कारण पहिल्या वेळी मिक्सर चालू होता आणि अर्धं कळलंच नाही. हिंजवडीतली नोकरी सोडायची, दहा दिवसांचा एरियल योगाचा, म्हणजे छताला टांगलेल्या कापडात, हॅमॉकमध्ये, लटकून करायच्या योगाचा कोर्स करायचा, कोथरूडला हॉल भाड्याने घ्यायचा, सकाळी तीन आणि संध्याकाळी तीन अशा सहा बॅचेस घ्यायच्या. सगळं एका दमात बोललीस आणि शेवटी हसत म्हणालीस, "झोप काय ताई, रविवारी काढेन." बाकी सगळ्यावर आपण भांडू नंतर, पण मी हे पत्र लिहायला बसलेय ते त्या शेवटच्या वाक्यामुळे.

आधी कोर्सचं उरकते. नोकरी लगेच सोडू नकोस. दहा दिवसांत तुला हॅमॉकमध्ये शिरायचं कसं, उलटं व्हायचं कसं, फोटो छान कुठल्या पोझमध्ये येतो एवढं नक्की कळेल, पण समोरच्या बाईचा खांदा वर चढलाय का तिचा श्वास अडकलाय हे बघायची नजर दहा दिवसांत येत नाही गं. जमिनीवरचा योग आधी नीट शिक, निदान वर्षभर. योगशिक्षकांचा २०० तासांचा कोर्स कर, जमलं तर आयुष मंत्रालयाच्या योग सर्टिफिकेशन बोर्डाची परीक्षा दे, आणि मग वर लटक. लोणावळ्याचं कैवल्यधाम आपल्यापासून लोकलने दीड-दोन तासांवर आहे. १९२४ पासून तिथे योगाचा शास्त्रीय अभ्यास चालू आहे, एकदा जाऊन तर ये.

आणि हो, हे सगळं फॉरेनचं आहे म्हणून भारावून जाऊ नकोस. सध्याचं जे एरियल योगा आहे ते न्यूयॉर्कमध्येच वाढलं हे खरं, क्रिस्टोफर हॅरिसन नावाच्या माणसाने स्वतःच्या कसरती करणाऱ्या ग्रुपसाठी वापरायचं कापड २००७ च्या आसपास योगाच्या क्लासमध्ये आणलं. पण दोरीला लटकून व्यायाम करणं पुण्याला नवीन नाही. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मल्लखांब परत उभा केला, आणि आज शाळेतल्या पोरी दोरीच्या मल्लखांबावर जे करतात ते बघितलंस तर आपल्या हॅमॉकची लाज वाटेल तुला, आपल्याला निदान बसायला कापड तरी असतं. अय्यंगार गुरुजी १९३७ मध्ये पुण्यात शिकवायला आले आणि इथलेच झाले. मॉडेल कॉलनीतली त्यांची इन्स्टिट्यूट १९७५ ची. तिथे भिंतीतल्या हुकांना दोऱ्या लावून शीर्षासनात लटकवतात, आणि तिथेच बोल्स्टर म्हणजे लोड, ब्लँकेटं, पट्टे लावून माणसाला इतकं नीट झोपवतात की वाटावं, अरे, आपण आत्तापर्यंत झोपत होतो ते काय होतं! मी वीसेक वर्षांपूर्वी पहिल्यांदा बोल्स्टरवर सेतुबंधात पडले तेव्हा मनात आलं होतं, हे काय आसन आहे, पैसे देऊन लोळतोय आपण. अक्कल नव्हती, दुसरं काय.

आता माझी गोष्ट ऐक, ही मी फार कोणाला सांगत नाही.

माझा एरियल योगाचा स्टुडिओ सुरू करून दुसरं वर्ष होतं. आठ हॅमॉक्स, दिवसाला पाच बॅचेस, शनिवारी सहा. सकाळी साडेपाचला शटर उघडायचं, रात्री साडेनऊला बंद, मधल्या वेळात स्कूटरवरून दोन सोसायट्यांमध्ये पर्सनल क्लासेस, आणि नळ स्टॉपच्या सिग्नलला उभी असताना पुढच्या बॅचचं प्लॅनिंग. मला त्याचा अभिमान वाटायचा गं. कोणी "कशी आहेस" विचारलं की "अगं बिझी" म्हणताना आवाजच वेगळा यायचा. एका शनिवारी शेवटच्या बॅचला एक कॉलेजची मुलगी उलटी झाली आणि म्हणाली, "मॅम, मी तिरकी का वाटतेय?" आणि मी, वर न बघता, हॉलच्या दुसऱ्या टोकावरून म्हटलं, "कोअर टाइट कर." ती बिचारी पोट आवळून मिनिटभर लटकली. क्लास संपला, कापडं उतरवायला स्टूलवर चढले तर तिच्या एका बाजूचा कॅराबिनर, म्हणजे कापड टांगायची स्क्रूने बंद होणारी कडी, डेझी चेनच्या, म्हणजे वरून सोडलेल्या लूपवाल्या पट्ट्याच्या, एक लूप वर अडकवलेला, आणि त्याच कॅराबिनरचा स्क्रू उघडा. मीच लावला होता, दुपारी, घाईत.

काही झालं नाही. ती हसत घरी गेली. मी मात्र स्टूलवरच बसून राहिले. चूक तर झालीच होती, पण त्याहून जास्त मला ते "कोअर टाइट कर" लागलं. ती बरोबर सांगत होती आणि मी तिच्याच शरीरावर ढकललं, कारण मान वर करून बघण्याइतकीही शिल्लक नव्हती माझ्यात. दमलेला शिक्षक असाच असतो बघ. तो आळशी दिसत नाही, उलट फार कामसू दिसतो, पण त्याला समोरचं दिसायचं बंद होतं आणि प्रत्येक गोष्टीत समोरच्याचंच चुकतंय असं वाटायला लागतं.

त्यातून शहाणी झाले म्हणशील तर नाही. पुढच्या तीन महिन्यांत उजवा खांदा गेला. शर्टाची बाही घालताना ओरडायचे. फिजिओथेरपिस्टने विचारलं, डेमो कुठल्या बाजूने दाखवता? मी म्हटलं, उजव्या. नेहमी? नेहमी. दिवसाला पाच बॅचेस गुणिले आठवड्याचे सहा दिवस, सगळं एका खांद्यावर, आणि मी विद्यार्थ्यांना मात्र रोज सांगायचे की दोन्ही बाजूंनी सारखं करा म्हणून. आठ आठवडे लटकायचं बंद. तेव्हा त्यांनी जे समजावलं ते तुलाही सांगते कारण तू आत्ता त्याच टप्प्यावर येणारेस. स्नायू लवकर तयार होतो, स्नायूला हाडाशी बांधणारा टेंडन मात्र सावकाश, त्याला रक्तपुरवठाच कमी. म्हणून दोन महिन्यांनी तुला वाटेल की वा, काय ताकद आलीय, आणि ते खरंही असेल, पण खांद्यातला नि कोपरातला टेंडन अजून मागच्या स्टॉपवर बसची वाट बघत असेल. त्याला गाठायला वेळ दे. तो तयार होतो ते दोन प्रॅक्टिसच्या मधल्या काळात, आणि तू तो मधला काळच ठेवला नाहीस तर तो बिचारा होणार कधी?

त्या आठ आठवड्यांत मी खुर्चीवर बसून शिकवलं. पहिले चार दिवस रडू यायचं, शब्दच सापडायचे नाहीत, "असं... हे... इकडून" एवढंच. मग हळूहळू यायला लागलं. "कापड ओटीपोटाच्या खाली, मांड्यांच्या मुळाशी घे, कंबरेच्या खड्ड्यात नको." "हात सोडायच्या आधी पाय गुंडाळलेत का बघ." माझं शिकवणं त्या दोन महिन्यांत जेवढं सुधारलं तेवढं आधीच्या दोन वर्षांत नव्हतं. आजही मी एका क्लासमध्ये फार तर दोन-तीन डेमो दाखवते, एक दिवस उजवीकडून, एक दिवस डावीकडून, आणि कॅलेंडरवर तसं लिहून ठेवते कारण शरीर लबाड असतं, ते आपलं सोयीच्या बाजूलाच जातं.

तर सहा बॅचेस नको. तीन घे. सकाळी दोन, संध्याकाळी एक, किंवा उलट. पैशाचं गणित बसत नाही म्हणशील, म्हणूनच नोकरी लगेच सोडू नकोस म्हणतेय ना बाई. आठवड्यातला एक दिवस हॅमॉकला हात लावायचा नाही, स्वतःच्या प्रॅक्टिसलाही नाही, आणि तो रविवार नको कारण रविवारी लग्नं, वास्तुशांती, आई-बाबांची बँकेची आणि डॉक्टरची कामं असतात, रविवारी आजवर कोणाला विश्रांती मिळालीय! मी गुरुवार ठेवलाय.

दुपारही सोडू नकोस. पुणेकरांच्या एक ते चारवर अख्ख्या महाराष्ट्राने जोक केलेत, आपणही हसतो, पण माझे आजोबा जेवून डाव्या कुशीवर वीस मिनिटं पडायचे आणि तेवढ्या वेळात घरात कोणी भांडं वाजवलेलं खपायचं नाही. वामकुक्षी म्हणजे तीन तास घोरणं नव्हे, ती तेवढीच. पहाटे साडेचारला उठणाऱ्या आणि रात्री नऊपर्यंत उभं राहणाऱ्या बाईला ती हवीच. आणि पडून रील्स बघणं त्यात धरायचं नाही हं, मी स्वतः करून बघितलंय, चाळीस मिनिटं दुसऱ्यांच्या बॅकबेंड बघून उठले की आणखी दमलेली असते, वर स्वतःवर चिडलेली.

आता हॉलचं. फॉल्स सीलिंगमध्ये हुक मारून देतो म्हणणारा कोणी भेटेल, त्याला चहा पाज आणि घरी पाठव. पीओपी स्वतःचं वजन कसंबसं पेलतं. अँकर आरसीसी स्लॅबमध्ये किंवा बीममध्येच जातो, आणि तोही स्ट्रक्चरल इंजिनिअरने जागा बघून सांगितल्यावर, मालकाची लेखी परवानगी घेऊन. कॅराबिनरवर २२ केएन (किलोन्यूटन) असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे ढोबळ मानाने सव्वादोन हजार किलो. ते वाचून लोकांना वाटतं मग काय, हत्ती लटकवा. पण माणूस झटक्याने खाली येतो तेव्हा वर पडणारा भार त्याच्या वजनाच्या कितीतरी पट होतो, आणि साखळीतली सगळ्यात कच्ची गोष्ट बहुतेक वेळा तुझा स्लॅब असतो. प्रत्येक बॅचआधी प्रत्येक जोड हाताने तपासायची, नुसत्या डोळ्याने नाही. कापडावर बोटं फिरवायची, कुठे धागा निघालाय का बघायला. अंगठ्या, झिप, लांब नखं बाहेर. फॉर्मवर काचबिंदू, बीपी, हर्निया, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन हे सगळं विचार, आणि लिहिलेलं वाचही, कारण फॉर्म भरून घेऊन फाइलला लावणं आपल्याला फार छान जमतं. काचबिंदू असलेल्याला उलटं करायचं नाही, डोळ्यातलं प्रेशर वाढतं, तो कितीही म्हणाला की मी ठीक आहे तरी.

शवासनावरून मात्र तुझी खरी परीक्षा होणार. एक बाई येईलच, "मॅडम, ते शेवटचं झोपणं कमी करा ना, तेवढ्यात एक फ्लिप होईल, पैसे दिलेत आम्ही." माझ्याकडे दर बॅचला एक असते. तिच्याशी वाद घालू नकोस, पण साठ मिनिटांतली शेवटची दहा कोणालाही विकू नकोस. पतंजलींनी आसनाबद्दल लिहिताना प्रयत्नशैथिल्य हा शब्द वापरलाय, म्हणजे चाललेला प्रयत्न सैल सोडणं, आणि माझं प्रामाणिक मत आहे की हॅमॉकमध्ये उलटं होण्यापेक्षा ते अवघड आहे. कापड पूर्ण उघडून खांद्यापासून टाचेपर्यंत माणूस आत मावला पाहिजे, हात खाली सोडला तर जमिनीला लागेल इतकंच उंच, मानेखाली घडी घातलेला नॅपकिन. सगळ्यांना आत बरं वाटत नाही, काहींना गुदमरतं, काहींची कंबर कुरकुरते. त्यांना जमिनीवर झोपव आणि फक्त पोटऱ्या हॅमॉकमध्ये ठेव, मांड्या सरळ उभ्या येतील अशा बेताने. मला विचारशील तर तेच जास्त आवडतं. उठवताना घाई नको, आधी एका कुशीवर, मग बसून मिनिटभर, नाहीतर एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. आमच्याकडे एक रिटायर्ड बँकवाले काका आहेत, ते आत गेले की चौथ्या मिनिटाला घोरतात. पहिल्यांदा सगळी बॅच हसली, काका ओशाळून सॉरी सॉरी म्हणाले. मी म्हटलं, काका, आज होमवर्क पूर्ण केलेले तुम्ही एकटेच.

बांधकामावर काम करणाऱ्या बायका दोन खांबांमध्ये जुनं लुगडं बांधून त्यात तान्हं बाळ टाकतात ना, आणि वर विटा चढत असतात, मिक्सर धडधडत असतो, बाळ मात्र गाढ. माझी आई पहिल्यांदा स्टुडिओत आली आणि आठ हॅमॉक्सकडे बघून म्हणाली, "अगंबाई, एवढ्या झोळ्या? मग पोरं कुठायत?" तेव्हापासून मी मनातल्या मनात त्याला झोळीच म्हणते.

कोर्सची फी भरायच्या आधी एक कर. या गुरुवारी दुपारी ये. मी नसेन, किल्ली खालच्या झेरॉक्सवाल्याकडे आहे, त्याला सांगून ठेवलंय. खिडकीजवळची जांभळी झोळी मी बुधवारी रात्री तपासून, खाली करून ठेवते, तू तरी वरचे दोन्ही स्क्रू हाताने फिरवून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. फॅन दोनवर लाव, फोन बाहेर चपलांच्या रॅकमध्ये ठेव, आणि चाळीस मिनिटं आत नुसती पड. काही करायचं नाही, उलटं व्हायचं नाही, फोटो नाही. विसाव्या मिनिटाला तुला नक्की उठावंसं वाटेल. तेव्हा काय काय आठवत होतं ते मला संध्याकाळी सांग, मग कोर्सचं बोलू. व्हॉइस मेसेज पाठवलास तरी चालेल, पण तीन मिनिटांच्या आत.

तुझी,
ताई