पट्टा, दावं, कासरा : ‘लीश’ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न : कुत्र्याला फिरवायला नेताना हातात धरतात त्या ‘लीश’ला नेमका मराठी शब्द कोणता? आमच्या सोसायटीत सगळे ‘पट्टा’ म्हणतात.
– एक वाचक, पुणे

पट्टा गळ्यात असतो. हातात असते ती दोरी किंवा साखळी. दुकानात नुसतं ‘पट्टा द्या’ म्हणाल, तर बहुतेक वेळा गळ्यातलाच पुढ्यात येईल. एकच मराठी शब्द नाही, याची खंत मात्र करू नका. आपल्याकडे दोरी जनावराला कुठे धरते आणि कशासाठी, त्यावरून नावं पडली आहेत. गळ्यापासून खुंट्यापर्यंत जातं ते दावं. तोंडाभोवती आणि शिंगांमागून बांधतात ती म्होरकी. नाकपुड्यांमधल्या पडद्यातून ओवलेली ती वेसण, आणि वेसणीपासून गाडीवानाच्या हातात येतो तो कासरा. पोळ्याला बैलाला नवी वेसण, नवा कासरा चढवतात तेव्हा या दोन वस्तू वेगळ्याच विकत घ्याव्या लागतात. कामाच्या दृष्टीने कुत्र्याच्या लीशला सगळ्यात जवळचा कासराच, कारण तो चालत्या जनावराचा आहे. दावं बांधून ठेवायचं. तरी कुत्र्याला ‘कासरा’ म्हटलं तर लोक हसतील. ‘दोरी’ म्हणा, पुरे.

प्रश्न : हा इंग्रजी शब्द आला कुठून?
– एक वाचक, नाशिक

जुन्या फ्रेंचमधल्या ‘लेस’वरून. त्यामागे ‘सैल सोडणे’ या अर्थाचं क्रियापद, आणि त्याच्याही मागे लॅटिन ‘लाक्सुस’, म्हणजे सैल. बांधायच्या दोरीला सोडण्याचं नाव! शिकारी कुत्री सावज दिसेपर्यंत धरायची आणि मग सोडायची, हे डोळ्यांपुढे आणलं की ते विचित्र वाटत नाही. शिकारीच्या भाषेत लीश म्हणजे तीन कुत्र्यांचा किंवा तीन सशांचा संचही. ‘रिलीज’, ‘रिलॅक्स’ आणि ‘लीज’ ही त्याच घराण्यातली. गंमत अशी, की ‘लीज’ला आपण म्हणतो भाडेपट्टा. इंग्रजीत लीश आणि लीज भावंडं, मराठीत पट्टा आणि भाडेपट्टा. इथे मूळ मात्र संस्कृत ‘पट्ट’ : कापडाची पट्टीही आणि लेखाचा फलकही. दावं आलं ‘दामन्’वरून. यशोदेने ज्याच्या पोटाला दावं बांधलं तो दामोदर.

प्रश्न : ‘वेसण घालणे’, ‘लगाम घालणे’ आणि ‘दावणीला बांधणे’ यांत फरक काय?
– एक वाचक, सातारा

लगाम फारसीतून आला आणि तो घोड्याचा. वेगाला, खर्चाला, जिभेला लगाम. वेसण माजाला आणि मनमानीला. दावण म्हणजे ओळीने जनावरं बांधायची जागा, म्हणून दावणीला बांधलेला माणूस दुसऱ्याच्या मालकीचा झालेला असतो; तो नुसता आवरलेला नसतो. वर्तमानपत्रं हे तिन्ही सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, ते टाळावं. ‘गळ्यात लोढणं’ही याच गोठ्यातलं. पळपुट्या गुराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवतात. चालताना तो नुसता लोंबतो, धावू लागलं की पुढच्या पायांवर आपटतो.

प्रश्न : कुत्र्याची दोरी किती लांब असावी? आमचं कुत्रं फार ओढतं.
– एक वाचक, ठाणे

रस्त्यावर चार ते सहा फूट. बटण दाबून लांबणारी दोरी मोकळ्या मैदानात ठीक, रहदारीत नको : कुत्रं गाडीसमोर पोचल्यावर ती आवरायला वेळ उरत नाही आणि बारीक दोर हाताची कातडी कापतो. कोणतीही दोरी तळव्याभोवती गुंडाळू नका, एका हिसक्यात बोट मोडतं. मूठ टोकाच्या फासात घालून दोरी तळव्यात धरा, दुसरा हात मध्यावर. गळ्यातल्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज जावीत. पट्टा त्याहून सैल असेल तर कुत्रं मागे सरकून डोकं काढून घेतं. ओढणाऱ्याला छातीवर कडी असलेला अंगपट्टा घाला : त्याने जोर लावला की तो पुढे जाण्याऐवजी तुमच्याकडे वळतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर अंगपट्टाच बरा, गळ्यावर ताण आला की त्याला धाप लागते. दोरी पट्ट्याला अडकवतो त्या आकड्याची स्प्रिंग दर आठवड्याला दाबून पाहा. वाळू अडकली की आकडा अर्धवट मिटतो; वरून बंद दिसतो, आणि नेमका रस्ता ओलांडताना सुटतो.