जुन्या जिप्सीला कोणते शॉक घालावेत, म्हणजे गाडी मऊ चालेल?

तुमची जिप्सी २००७ ची, बहुतेक वेळा रिकामीच धावते. पुण्याहून वेल्ह्याकडे गावी जाताना शेवटच्या कच्च्या रस्त्यावर आईच्या पाठीला दणके बसतात, आणि दुकानदाराने महागडे हाय-प्रेशर गॅसचे शॉक सुचवलेत. ते घ्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

माझं म्हणणं, आत्ता घेऊ नका. आधी पाटे, म्हणजे एकावर एक लोखंडी पानं रचून केलेल्या स्प्रिंगा, बघा. मी बारा वर्षं जिप्सी चालवतोय आणि हीच चूक पैसे मोजून केली आहे. एका दुकानाच्या सांगण्यावरून जाडजूड शॉक बसवले, ते खरं तर माझ्या गाडीच्या दुप्पट वजनाच्या गाडीसाठीचे होते. गाडी पहिल्यापेक्षा कडक झाली. आठ महिन्यांनी काढून टाकले.

शॉक गाडीचं वजन पेलत नाही, ते काम पाट्यांचं. शॉकच्या नळीत तेल असतं. चाक वर-खाली झालं की ते पिस्टनच्या बारीक वाटांमधून ढकललं जातं आणि उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. शॉक हलला तरच हे घडणार. जिप्सीला चारही चाकांवर पाटे आहेत, पुढे-मागे सलग अ‍ॅक्सल. गाडी जेमतेम हजार किलोची, पण पाटे मागे माणसं आणि सामान भरून न्यायच्या हिशेबाने बनवलेले. रिकाम्या गाडीत ते मुळातच कमी वाकतात. त्यात कोकणाकडचे किंवा घाटाखालचे चार-पाच पावसाळे झाले, की पानं गंजून एकमेकांना धरून बसतात आणि सगळा पाटा एका लोखंडी पट्टीसारखा वागतो. मग लहान दगडावर पाटा हलत नाही, शॉकही हलत नाही, दणका सरळ सीटपर्यंत येतो. तिथे कुठलाही शॉक घाला, फरक पडणार नाही.

म्हणून गाडीत बसून नीट लक्ष द्या. प्रत्येक बारीक खडीला टकटक जाणवत असेल, तर दोष पाटे, बुश (पाट्याच्या टोकांतली रबरं) आणि टायरच्या हवेत शोधा. स्पीड ब्रेकर ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा डुलत असेल, तर शॉक गेलेत. मोठ्या खड्ड्यात शेवटी ‘धाड’ असा आवाज येत असेल, तर बंप स्टॉपचं, म्हणजे अ‍ॅक्सल वर आपटू नये म्हणून लावलेलं, रबर खलास झालंय किंवा शॉकची लांबी चुकली आहे. आणखी एक सोपी परीक्षा: कच्च्यावर अर्धा तास गाडी चालवून उतरा आणि चारही शॉकला जपून हात लावा. चालू शॉक गरम लागतो. एखादा थंडच असेल, तर तो काम करत नाही.

पाट्यांचं काम गावातला चांगला मिस्त्री एका दिवसात करतो. पाटे उतरवून पानं सुटी करायची, तारेच्या ब्रशने गंज काढायचा, ग्रेफाइट ग्रीस लावून पुन्हा बांधायचे. रबरी बुश आणि शॅकल (पाट्याचं टोक गाडीला जोडणारी हलती कडी) त्याच वेळी बदलून घ्या. एक गोष्ट मात्र मिस्त्रीला उभं राहून सांगा: शॅकलचे आणि पाट्याच्या डोळ्याचे (टोकाच्या गोल भोकाचे) बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर लटकत असताना आवळले, तर गाडी खाली आल्यावर रबर पिळलेलंच राहतं, कडक लागतं आणि लवकर फाटतं. माझ्या गाडीत निम्मा फरक एवढ्यानेच पडला. एखादं पान काढून टाकायचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. उरलेल्या पानांवर ताण वाढतो आणि कधीतरी भरलेल्या गाडीत पाटा तुटतो.

टायरची हवाही बघा. पंपावरचा मुलगा सवयीने ३५ पीएसआय भरतो, ते या हलक्या गाडीला फार आहे. रिकाम्या गाडीत मी डांबरीवर २६ ठेवतो, कच्च्यावर सावकाश जायचं असेल तर १८ पर्यंत उतरवतो. डांबरी लागली की छोट्या कॉम्प्रेसरने परत भरायची, त्यात आळस नको.

हे सगळं झाल्यावर शॉककडे या. तुमच्या वापराला ट्विन-ट्यूब, म्हणजे नळीत नळी असलेला, शॉक योग्य, साध्या तेलाचा किंवा कमी दाबाच्या गॅसचा. दुकानदार सांगतोय तो मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा, असणार. त्यात नायट्रोजन साधारण २० ते २५ बार दाबाने भरलेला असतो, त्यामुळे तेलाला फेस येत नाही आणि लडाख-स्पितीच्या लांबलचक खडखडाटातही शॉक दमत नाही. गुण खराच आहे. पण तो दाब पिस्टनच्या दांड्याला सतत बाहेर ढकलत असतो. १४ मिलिमीटरचा दांडा असेल तर हा जोर तीस-अडतीस किलोच्या घरात जातो, एकेका चाकाला. दोन टनांच्या गाडीला तो कळतही नाही, जिप्सीला कळतो. शिवाय मोनोट्यूबच्या नळीला दगड लागून पोचा पडला, की आतला पिस्टन अडकतो.

गॅस हवाच असेल तर ऑस्ट्रेलियाच्या एआरबीचा ओल्ड मॅन एमू नायट्रोचार्जर हा कमी दाबाचा ट्विन-ट्यूब प्रकार आहे. रांचोच्या आरएस ९००० एक्सएलला नऊ टप्प्यांची घुंडी असते, तुमच्यासारख्या रिकाम्या गाडीला खालचे टप्पे पुरतात. पण ‘सॅम्युरायचे (जिप्सीच्या परदेशातल्या सुझुकी भावंडाचे) जिप्सीला बसतात’ एवढ्यावर कुठलाच शॉक घेऊ नका, आधी लांबी मोजा. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत तीन मापं घ्या: गाडी उभी असताना, जॅकवर चाक पूर्ण लटकलेलं असताना, आणि अ‍ॅक्सल बंप स्टॉपला टेकलेला असताना. नवा शॉक पूर्ण दबल्यावर तिसऱ्या मापापेक्षा आखूड हवा, पूर्ण ताणल्यावर दुसऱ्यापेक्षा थोडा लांब. उभ्या गाडीत पिस्टन साधारण मधोमध असला पाहिजे. दबल्यावरची लांबी जास्त निघाली, तर बंप स्टॉपच्या आधी शॉकच ठोकला जातो आणि माउंटिंग तुटतं.

अगदी लोण्यासारखी गाडी करायच्या नादाला मात्र लागू नका. जिप्सी उंच आणि अरुंद आहे. ताणला जाताना शॉक ढिला असेल तर पाबे घाटाच्या वळणावर ती इतकी कलते की आईला दणक्यांपेक्षा त्याचीच भीती वाटेल.

आणि यातलं काहीही करायच्या आधी, पुढच्या फेरीपासूनच त्यांना पुढच्या सीटवर बसवा. मागची आडवी बाकं जवळपास मागच्या अ‍ॅक्सलवरच येतात, पाठीला सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो.