पाहिलं नाही, तरी माहीत आहे

प्रश्न : ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन अंतराळ-मालिका लागायची, तेव्हापासून मी तिचा चाहता आहे. विचारांच्या बाबतीत ती ‘स्टार वॉर्स’ या अंतराळ-चित्रपटांपेक्षा कितीतरी सरस आहे, असं माझं ठाम मत आहे. पण माझ्या सातवीतल्या मुलीने ‘स्टार वॉर्स’चा एकही भाग पाहिलेला नाही, तरी तिला प्रकाशाची तलवार ठाऊक, काळ्या मुखवट्याचा डार्थ व्हेडर ठाऊक. ‘स्टार ट्रेक’चा नायक कॅप्टन कर्क कोण, ते मात्र मला सांगावं लागतं. हा सगळा जाहिरातीचा प्रताप म्हणायचा का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : जाहिरातीचा वाटा आहेच, पण तेवढ्याने भागत नाही. नुसत्या पैशाने काम झालं असतं, तर 2009 साली आलेला ‘अवतार’ आज पोराटोरांच्या तोंडी असायला हवा होता. जगात सर्वाधिक कमाई केलेला चित्रपट आहे तो. मी मुलांना चित्रकला शिकवते. ‘आवडीचं पात्र काढा’ म्हटल्यावर ‘अवतार’मधलं कुणी काढल्याचं मला आठवत नाही. चेहरे निळे होते एवढं सगळे सांगतात, नाव विचारलं की गप्प. त्या चित्रपटाची जादू त्रिमितीत आणि उजेडात होती. चष्मा परत केला की ती थिएटरातच राहायची. वर पुढचा भाग यायला 13 वर्षं लागली.

व्हेडर मात्र दरवर्षी कुणीतरी काढतंच. काढणाऱ्याने चित्रपट पाहिलेला असतो असं नाही. दप्तरावर, टी-शर्टवर पाहिलेलं असतं. खाली पसरत जाणारा टोप, दोन काळे डोळे, तोंडाच्या जागी त्रिकोणी जाळी. हात कच्चा असला तरी चित्र ओळखू येतं. या मुखवट्याचा उगम मला फार आवडतो. राल्फ मॅक्वारी हा चित्रकार चित्रीकरणाआधीची चित्रं करत होता. पटकथेत हा खलनायक एका यानातून दुसऱ्या यानात येतो. मधल्या पोकळीत तो श्वास कसा घेईल, असा प्रश्न मॅक्वारीला पडला आणि त्याने श्वासाचा मुखवटा चढवला. मुखवटा आला म्हणून आवाज आला. बेन बर्ट या ध्वनिकाराने पाणबुड्याच्या श्वसनयंत्रात मायक्रोफोन बसवून तो घरघरता श्वास ध्वनिमुद्रित केला. आज कुठलंही पोर तोंडापुढे ओंजळ धरून तो श्वास काढतं आणि समोरच्याला कळतं.

तलवारीचंही तसंच. प्रोजेक्टरच्या मोटरची घूं घूं आणि टीव्हीच्या पिक्चर ट्यूबची गुणगुण बर्टने एकत्र केली. तो आवाज स्पीकरवर लावला आणि त्याच्यासमोरून मायक्रोफोन हातात धरून फिरवला, म्हणून तलवार फिरल्यासारखा आवाज येतो. तो आवाज तोंडाने काढता येतो, आणि तलवारीसाठी घरातली कुठलीही काठी चालते. माझं म्हणणं आहे ते हेच : ज्याने गोष्ट पाहिलेली नाही त्यालाही तिच्याशी खेळता आलं, तर ती गोष्ट पसरते. बाकीची कारणं याच्या मागून येतात.

‘स्टार वॉर्स’चा दिग्दर्शक जॉर्ज लुकासला हे इतरांच्या आधी उमगलं होतं. पुढच्या भागांचे आणि खेळणी-कपड्यांसारख्या वस्तूंचे हक्क त्याने स्वतःकडे राखले. स्टुडिओला तेव्हा त्यात फारसं काही दिसत नव्हतं. 25 मे 1977 ला चित्रपट आला तो जेमतेम 32 थिएटरांत. तो इतका चालला, की केनर या कंपनीला नाताळपर्यंत खेळणी तयार करणं जमेना. मग त्यांनी चक्क रिकामं पाकीट विकलं. आत पुठ्ठ्याची मांडणी आणि एक प्रमाणपत्र. ते पोस्टाने पाठवलं की पुढच्या वर्षी चार बाहुल्या घरी येणार. लोकांनी तेही घेतलं!

त्या बाहुल्यांची उंची होती जेमतेम पावणेचार इंच. तोवर अमेरिकेत मुलग्यांसाठीच्या अशा बाहुल्या बहुतेक आठ इंच ते फूटभर उंच असत. फूटभर बाहुली बसेल असं विमान कोण बनवणार आणि कोणते आईबाप घेणार? दिवाळीत किल्ला करणाऱ्या मुलांना हे समजवायला नको : मातीची चित्रं लहान असली की अंगणात अख्खा गड उभा राहतो, बुरुजावर मावळे आणि पायथ्याला बाजारही मावतो. केनरने बाहुल्या लहान केल्या, म्हणून त्यांच्या बेताची यानं विकता आली. दोन चित्रपटांमध्ये तीन-तीन वर्षांचं अंतर होतं. तेवढ्या काळात मुलांनी जमिनीवर बसून आपापले चित्रपट रचले. 2001 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये 3 लाख 90 हजारांहून जास्त लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘जेडाय’ (‘स्टार वॉर्स’मधले प्रकाशाची तलवार चालवणारे योद्धे) लिहिलं, त्यात या जमिनीवर खेळलेल्या पिढीचा हात असणार, असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या ‘स्टार ट्रेक’कडे येते. ते कमी पसरलं हे मला मान्य नाही. ते वेगळ्या ठिकाणी पसरलं. 1966 ते 1969, तीन हंगाम, 79 भाग आणि मग वाहिनीने मालिका बंद केली. पण हे 79 भाग अमेरिकेतल्या गावोगावच्या स्थानिक केंद्रांनी घेतले आणि पुन्हा पुन्हा दाखवले. शाळेतून घरी आलेली मुलं तेच भाग परत परत बघत मोठी झाली. ही मुलं पुढे कुठे गेली बघा. चाहत्यांच्या पत्रांचा असा पाऊस पडला, की 1976 साली नासाच्या पहिल्या स्पेस शटलला मालिकेतल्या यानाचं ‘एंटरप्राइज’ हे नाव द्यावं लागलं. त्या यानावरच्या उहुरा या कृष्णवर्णीय अधिकारी स्त्रीची भूमिका करणाऱ्या निशेल निकल्स यांनी 1977 मध्ये नासासाठी अंतराळवीर भरतीच्या मोहिमेत काम केलं, स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांना अर्ज करायला सांगितलं. उहुराला पाहत वाढलेल्या मे जेमिसन 1992 मध्ये अंतराळात गेल्या, अंतराळात जाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री म्हणून. आणि दुसऱ्या वर्षी ‘स्टार ट्रेक’च्या नव्या मालिकेत एका छोट्या भूमिकेत दिसल्याही!

‘स्टार वॉर्स’ मुलांच्या हातात गेलं, ‘स्टार ट्रेक’ त्यांच्या व्यवसायात. तलवार टी-शर्टवर दिसते, म्हणून तुमच्या मुलीला ती आधी भेटली. ‘स्टार ट्रेक’मधला स्पॉक नमस्कार करताना करतो तशी मधे फट ठेवून बोटं करायला तिला शिकवा. ती पहिल्यांदा अडखळेल, मग दिवसभर तेच करत बसेल.

प्रश्न : मुलांना ‘स्टार वॉर्स’ दाखवायचं तर कोणत्या भागापासून? घटनाक्रमाने की प्रदर्शनाच्या क्रमाने?
— एक आई, डोंबिवली

उत्तर : प्रदर्शनाच्या क्रमाने, म्हणजे 1977 चा आधी. 1980 च्या भागातलं मोठं गुपित, गोष्टीत त्याच्या आधी घडणाऱ्या 2005 च्या भागात उघड होऊन बसतं. घटनाक्रमाने गेलात तर ते मुलांच्या हाती फुटकंच येईल. आणि आधी इंटरनेटवर माहिती वाचू देऊ नका.