वाचक विचारतात: माळे झाडून नेले, तरी घर चाललं कसं?

प्रश्न: आमच्याकडे जुनी माणसं 'लेव्ही'च्या, म्हणजे सरकारच्या सक्तीच्या वसुलीच्या, धान्याबद्दल सांगायची. कम्युनिस्ट हंगेरीत तर घराचे माळे झाडून धान्य नेत, असं ऐकलं. मग ती शेतकरी कुटुंबं पोटापुरतं मागे कसं ठेवत?
(एक वाचक, सोलापूर)

उत्तर: तिथे वसुली पिकावर नाही, जमिनीवर बसवलेली होती. जमीन जास्त तसा दरही चढा. 25 होल्डांच्या वर, म्हणजे साधारण 14 हेक्टरांपुढे, 'कुलाक', म्हणजे बडा शेतकरी, म्हणून नाव यादीत लागे आणि बोजा आणखी वाढे. सरकारी भावात उत्पादनखर्चही निघत नसे. 1952 च्या दुष्काळात पीक बुडालं, मागणी मात्र सुटली नाही. पथकं माळ्यावर चढली आणि बियाणं, जनावरांचा दाणासुद्धा घेऊन गेली.

मळणी यंत्रापाशी तपासनीस किती धान्य निघालं ते लिहून घेई आणि सरकारचा वाटा तिथूनच गोदामात जाई. त्यामुळे जे वाचवायचं ते यंत्राआधीच. थोड्या पेंढ्या रात्री घरी आणून काठीने झोडपत. पण एक क्विंटल गव्हाला सुमारे 130 लिटर जागा लागते; ती लपवायची कुठे? खोट्या भिंतीमागे, गंजीच्या पोटात किंवा जमिनीतल्या पेवात. पेवात आधी जाळ करून भिंती कोरड्या कराव्या लागत. घाईत ओलसर गहू भरला, ओल 14 टक्क्यांच्या वर राहिली, की तो आतून तापतो, बुरशी धरतो, सोंडे पडतात. मग चोरून वाचवलेलं धान्य कुणाच्याच उपयोगाचं राहत नसे. दळायलाही परवाना लागे, म्हणून हातचक्कीवर जाडंभरडं पीठ काढत.

डुकराचं काम त्याहून जोखमीचं. कापायला परवाना हवा आणि चरबीचा ठरलेला हिस्सा सरकारला. तिथली रीत पेंढा पेटवून केस जाळायची. पण जाळ दिसतो, वास गावभर जातो. म्हणून चोरून कापणारे बंद खोपट्यात आधी डुकराला बेशुद्ध करत, म्हणजे ओरडणं होत नसे, आणि केस उकळतं पाणी ओतून खरवडत. मांस तळून डब्यात वितळलेल्या चरबीखाली बुडवलं की हिवाळाभर टिके. सापडलं तर तुरुंग.

आमच्या मते सगळ्यात मोठा अन्याय वेगळाच होता. कोंबड्या पुरेशा अंडी देवोत न देवोत, अंड्यांचा आकडा भरावाच लागे. लोक बाजारातून महाग अंडी घेऊन सरकारी भावाने भरत. याला कंटाळून कित्येकांनी जमीनच सरकारला देऊन टाकली आणि कारखान्याची वाट धरली. 1953 मध्ये इम्रे नॉज पंतप्रधान झाल्यावर बोजा हलका झाला, कुलाकांची यादीही गेली. सक्तीची वसुली कायमची बंद झाली ती 1956 च्या उठावात. नंतरच्या कादार सरकारनेही ती परत आणली नाही.

प्रश्न: सामूहिक शेतीत गेलं की सुटका होई का?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर: अर्धवट. सभासदांना वसुलीत सवलत होती, पण सामूहिक शेती करणाऱ्या संस्थेलाही सरकारचा वाटा द्यावाच लागे; उरलेल्यातून केलेल्या कामाच्या हिशेबाने धान्य मिळे. घरचा आधार म्हणजे 1 होल्डपर्यंतचा परसातला तुकडा, एखादी गाय आणि डुकरं. कुलाक ठरलेल्यांना मात्र नियमाने संस्थेत प्रवेशच नव्हता.